बुधवारचे डॉक्टर

आत्याबाईंच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता डॉक्टर तोडकर मध्येच थांबले. हवा भरायचा रबरी फुगा त्यांच्या मुठीत तसाच राहिला. मला वाटलं, पट्टा नीट बसला नाही म्हणून सोडून पुन्हा गुंडाळतील.

"डाक्टर, तुमचा हात लई गार लागतोय," आत्याबाई म्हणाल्या.

"हो का?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी हात मागं घेतला, आपल्याच दुसऱ्या हाताची नाडी धरली आणि भिंतीकडं बघत राहिले. लाइट गेलेली होती, पंखा बंद होता. शिमगा होऊन गेलेला, उन्हाचा ताव वाढलेला, त्यामुळं त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मला काही वेगळं वाटलं नाही. सदऱ्याची कॉलर मात्र भिजून मानेला चिकटली होती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. त्यांना चक्कर यायची, म्हणून दर बुधवारी मी त्यांना दवाखान्यात आणायचे. आमचं कारवट कोयनेच्या पाण्याच्या आतल्या अंगाला. धरण झालं तेव्हा खालचं गाव बुडालं आणि माणसं वर सरकली. मागं सगळं रान. पुढं पाणी. पाण्यापलीकडं देवघळ, आणि डांबरी रस्ता तिथून सुरू व्हायचा. तिकडं जायचं तर लाँचनं. कारवटला सरकारी दवाखान्याची इमारत होती, खाटा होत्या, डॉक्टरांच्या नावाची पाटी लावायला दारावर खिळेही होते. पाटी कधी लागली नाही. देवघळच्या तोडकर डॉक्टरांकडंच कारवटचा चार्ज होता, आणि वर डोंगरातल्या आणखी एका केंद्राचाही. आमच्या वाट्याला बुधवार आला होता. बाकीच्या दिवशी आजारी पडायचं नाही, असं आम्ही हसत हसत म्हणायचो.

त्या बुधवारी रांगेत जरा आनंदच होता. देवघळला नवीन डॉक्टर मिळालाय, याच सोमवारी हजर व्हायचा होता, अशी बातमी होती. तो आला की तोडकर डॉक्टर आमच्याकडं जास्त दिवस येतील, असा सगळ्यांचा हिशेब.

"सिस्टर," डॉक्टरांनी हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

वायदंडे सिस्टर शेजारच्या खोलीतून आल्या. हातात रबरी मोजे तसेच. तिकडं कांचन होती, वरच्या वाडीची, पहिलटकरीण. पहाटेपासून कळा देत होती. तिचं कण्हणं भिंतीतून ऐकू यायचं.

"दार लोटा," डॉक्टर म्हणाले. सिस्टरांनी दार लोटलं. "ॲटॅक आलाय, सिस्टर."

"कुणाला?" सिस्टर आत्याबाईंकडं बघत म्हणाल्या.

"मला."

सिस्टरांना ते ऐकू गेलं, पण कळलं नाही. मलाही नाही. डॉक्टर खुर्चीत नीट बसले होते, गळ्यात तपासायची नळी होती, समोर पेशंट होता. दुसऱ्या कुणाच्या तब्येतीबद्दल सांगावं तसं ते म्हणाले, "डावा हात खांद्यापासून ओढतोय. जबडापण. सकाळी लाँचमध्येच सुरू झालं होतं, मला ॲसिडिटी वाटली. आधी बीपी बघा माझं. मग डिस्प्रिन द्या."

सिस्टरांनी आत्याबाईंच्या दंडाचा पट्टा काढला आणि डॉक्टरांच्या दंडाला लावला.  आत्याबाई स्टुलावरून उठून बाजूला उभ्या राहिल्या. पदर तोंडाला लावून त्या डॉक्टरांकडं अशा बघत होत्या, की जणू त्यांनी काहीतरी भलतंच करून दाखवलंय.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं. सिस्टरांनी आकडा सांगितला. "ठीक आहे. जिभेखालची गोळी चालेल. कपाटात खालच्या कप्प्यात आहे. इंजेक्शन संपलंय, शोधू नका."

गोळी जिभेखाली ठेवून ते टेबलावर आडवे झाले. त्याच टेबलावर ते आमची पोटं दाबून बघायचे. पाय टेबलाच्या बाहेर आले होते, बुटाला चिखल होता. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि लाँचपासून वर यायला चिखलाचा लांब उतार तुडवावा लागतो. तोच चिखल.

"मी येते तुमच्याबरोबर," सिस्टर म्हणाल्या. "गेणूला लाँच काढायला सांगते. आत्ताच्या आत्ता निघू."

"कांचनचं डोकं किती खाली आलंय?"

"डॉक्टर, तिची आई आहे तिच्याजवळ—"

"मी विचारलं काय?"

"बरंच खाली आलंय," सिस्टर म्हणाल्या. "पण मधेच अंगावरून जातंय. लाल."

"मग तुम्ही कुठं निघालात?"

सिस्टर रडायला लागल्या. पन्नाशीची बाई, आमच्या सगळ्यांना दरडावणारी, पण लहान पोरीसारखी रडायला लागली. "तुम्हाला वाटेत काही झालं तर? कोण आहे तुमच्याजवळ?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग उघडून सरळ सिस्टरांकडं बघितलं.

"देवघळला तो नवीन आलाय ना. एम. डी. आहे. माझ्यापेक्षा जास्त शिकलेला."

"हजर झाले?"

"सोमवारीच. तो बघेल मला. तुम्ही कांचनजवळ थांबा. आता तिला हलवायचं नाही आणि सोडायचं तर मुळीच नाही."

सिस्टरांच्या चेहऱ्यात लगेच फरक पडला. त्यांनी दंडानं डोळे पुसले. "देवानंच पाठवला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "शालन, तू जा बरोबर. तू बारावी शिकलीस. दुखणं वाढलं तर आणखी एक गोळी जिभेखाली, पण त्यांनी मागितली तरच. आणि त्यांना उठून बसू देऊ नकोस."

"मीबी जाते," आत्याबाई म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं त्यांना.

दार उघडलं तेव्हा रांग उभी राहिली. स्ट्रेचरवर डॉक्टर होते. आम्ही त्यांना कधी झोपलेलं बघितलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं हात जोडले आणि तसेच जोडून ठेवले. मागून कुणीतरी म्हणालं, "मग आता आमचं?" म्हणणाऱ्यालाच त्याचं कसंतरी झालं असावं, कारण स्ट्रेचर उचलायला पहिला पुढं आला तोच.

चौघांनी डॉक्टरांना चिखलातून खाली नेलं. गेणू ढेबे लाँचवर वाट बघत होता. सकाळी डॉक्टरांना त्यानंच आणलं होतं. स्ट्रेचर बघून त्यानं मला विचारलं, "कोण हाय, वयनी?" मी सांगितलं तरी तो वाकून तोंड बघेपर्यंत त्याचा विश्वास बसला नाही.

लाँच निघाली. वर कापडी छत होतं, पण ऊन बाजूनं यायचं. आत्याबाई डॉक्टरांच्या तोंडावर पदराची सावली धरून बसल्या. इंजिनाच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागायचं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"आहे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आत्याबाईंचं बीपी बघायचं राहिलं."

"ऱ्हाऊ द्या की आता त्ये," आत्याबाई म्हणाल्या.

"चक्कर अजून येते ना? शालन, त्यांची अर्धी गोळी आहे ती एक कर. सकाळी, खाऊन झाल्यावर. आणि लोणचं बंद."

"लोणचं म्या खातच न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. ते हसले. खरंच हसले, कारण त्यांना माहीत होतं. हसताना दुखलं असावं, हात छातीवर गेला.

मी त्यांना पाणी हवंय का विचारलं. नको म्हणाले. पाण्याकडं बघत होते. मधे बुडालेल्या टेकडीचा माथा वर आला होता, त्यावर बगळे बसलेले. गेणू सारखा मागं वळून बघत होता आणि लाँच तिच्या ताकदीपेक्षा जास्त पळवत होता. इंजिनातून काळा धूर यायला लागला होता.

"नवा डाक्टर कसा हाय वो?" आत्याबाईंनी विचारलं. डॉक्टरांना बोलतं ठेवायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, हे मला नंतर कळलं.

"चांगला आहे. तरुण आहे. माझ्या मुलाएवढा."

"मग आता तुमी आमच्याकडंच ऱ्हावा. बुधवारीच कशापायी? आमच्या परड्यात वांगी हायत, मेथी हाय. म्या भाकरी करून घालीन."

"बरं," डॉक्टर म्हणाले.

 पुढं एकदा त्यांनी गोळी मागितली, मी दिली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांचा हात मी धरला होता, तो पाण्यातून काढल्यासारखा ओला होता. मनातल्या मनात मी एवढंच घोकत होते, की देवघळ आलं की झालं. तिथं डॉक्टर आहे. किनाऱ्यावरच्या घरांचे पत्रे चमकायला लागले तेव्हा मला रडू आलं. वाटलं, आपण पोचवलं.

देवघळला लोक धावून आले. गेणूनं लांबूनच ओरडायला सुरुवात केली होती. स्ट्रेचर वर नेलं. दवाखाना किनाऱ्यापासून जवळच होता. मी पुढं पळाले. व्हरांड्यात एक तरुण सिस्टर टेबलाशी बसून लहान पोराच्या दंडाला पट्टी करत होती. नवीनच लागलेली, मला ओळखत नव्हती.

"पेशंट आहे, ॲटॅकचा," मी म्हणाले. धाप लागली होती. "डॉक्टरांना बोलवा."

तिनं मान वर न करता सांगितलं, "डॉक्टर आज नाहीत. आज बुधवार ना? बुधवारी ते कारवटला असतात."

माझ्या मागून स्ट्रेचर आलं. पोरीनं पट्टीची गाठ मारली, मान वर केली आणि तिच्या हातातली कात्री खाली पडली.

"ते नाही," मी म्हणाले. "नवीन डॉक्टर. नवीन डॉक्टरांना बोलवा."

"कोण नवीन?"

"सोमवारी आलेत ते!"

"ते कुठले आता!" ती पोरगी स्ट्रेचरकडं बघत, अर्धी माझ्याशी, अर्धी स्वतःशीच बोलत होती. "ते आले, क्वार्टर बघितली, तिन्ही केंद्रांवर फिरायचं ऐकलं, आणि दुपारच्या एस.टी.नं परत गेले. सरांनीच नेऊन सोडलं त्यांना स्टँडवर. बॅगपण सरांनीच धरली होती. सरांना माहितीये सगळं…"

मी वळून बघितलं. डॉक्टरांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडंच बघत होते.

त्या वेळी मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नाही. पायाखालून लाँचची फळी निघावी तसं झालं. सगळ्या पाण्यावरून आम्ही त्या माणसाला डॉक्टरकडं म्हणून घेऊन आलो होतो. आणि इकडं आणि तिकडं मिळून डॉक्टर तो एकच होता.

"तुमाला ठावं हुतं?" आत्याबाईंनी त्यांना विचारलं. "इथं कोण न्हाई, ठावं हुतं?"

डॉक्टर त्या पोरीला म्हणाले, "ऑक्सिजन लाव, बाळा. घाबरू नको. जीप काढायला सांग." शब्द तुटत होते. पोरगी आत पळाली. आतल्या टेबलावरच्या फोनचा आवाज आला, ती आकडे फिरवत होती. डॉक्टरांनी मान उचलायचा प्रयत्न केला.

"शालन, ती कारवटला फोन लावतेय. थांबव तिला."

"का?"

"वायदंडे सिस्टर कांचनला सोडून निघून येतील."

मी आत गेले आणि रिसीव्हरवर हात ठेवला. त्या पोरीनं माझ्याकडं वेड्यासारखं बघितलं.

ऑक्सिजनची नळी लावून आम्ही त्यांना तालुक्याला न्यायला जीपमध्ये घातलं. ड्रायव्हर त्यांचाच, बारा गावं त्यांच्याबरोबर फिरलेला. तो गाडी चालवत होता आणि मोठमोठ्यानं त्यांच्याशी बोलत होता, "साहेब, आलंच. साहेब, हे वळण घेतलं की आलंच." ती पोरगी नळी धरून बसली होती. घाट अजून लागला नव्हता. एका ओढ्याच्या पुलावर जीप आदळली, डॉक्टरांचं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर एका बाजूला कललं, आणि ते तसंच राहिलं. पोरगी छाती दाबायला लागली. दाबत राहिली, घामानं निथळली, तरी दाबत राहिली. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि त्याचं बोलणं थांबलं. गाडी मात्र त्यानं थांबवली नाही.

तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर होते. एक तरुण डॉक्टर धावत बाहेर आला, त्यानं बघितलं, बॅटरी डोळ्यांवर मारली, नळी छातीला लावली. मग हळूच नळी काढली. तो या भागात नवा असावा, तोडकरांना ओळखत नव्हता.

"दुखायला कधी लागलं होतं?" त्यानं आम्हाला विचारलं.

"सकाळी," मी म्हणाले.

"सकाळी? मग आधी कुठल्या डॉक्टरांना दाखवलं?"

 आत्याबाई म्हणाल्या, "तोडकर डाक्टरला."

"त्यांनी काय सांगितलं?"

आत्याबाईंनी स्ट्रेचरकडं बोट केलं. "ह्येच की त्ये," त्या म्हणाल्या. "आमचा डाक्टर ह्योच हाय."

त्या पोरसवदा डॉक्टरानं एकदा आत्याबाईंकडं बघितलं, एकदा स्ट्रेचरकडं. मग गळ्यातली नळी काढून हातात घेतली.

कऱ्हाडहून त्यांची बायको आणि मुलगा यायला निघाले होते. आम्ही थांबायला हवं होतं, पण ड्रायव्हर म्हणाला, तुमची लाँच चुकेल. त्यानं आम्हाला देवघळला आणून सोडलं. गेणू किनाऱ्यावर उकिडवा बसला होता. आमचे चेहरे बघून त्यानं टोपी काढली आणि इंजिन सुरू केलं.  डॉक्टरांना जीपमध्ये घालताना आत्याबाईंच्या लुगड्याला लागलेला त्यांच्या बुटाचा चिखल वाळला होता. त्या तो नखानं खरवडायच्या, मग थांबायच्या, मग पुन्हा खरवडायच्या.

ऊन कलायच्या सुमाराला कारवट आलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर माणसं अजून बसलेली होती. काही लांबच्या वाड्यांवरून चालत आलेली, परत जाऊन पुन्हा कधी यायचं म्हणून थांबलेली. लाँच दिसल्यावर ती उठून उभी राहिली. चिखलातून वर चढताना मला वाटत होतं, की ही चढण संपूच नये.

"कसं हाय आता?" कुणीतरी विचारलं.

आत्याबाईंनी मान हलवली. बायका जागच्या जागी खाली बसल्या. सकाळी स्ट्रेचर उचलायला पुढं आला होता तो माणूस म्हणाला, "असं कसं? तिकडं मोठा डाक्टर हुता न्हवं?"

मी आत गेले.

वायदंडे सिस्टर कांचनच्या खाटेजवळ उभ्या होत्या. एक हात कांचनच्या ओटीपोटावर दाबून धरलेला. खाली बादलीत रक्तानं भिजलेले कपडे. कोपऱ्यात कांचनची आई फडक्यात गुंडाळलेलं मूल घेऊन बसली होती.

"मुलगी झाली," सिस्टर म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता. "पण रक्त थांबेना. दुपारपासून दाबून धरलंय, आता जरा कमी आलंय. हात काढला असता तर गेली असती." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "कसे आहेत?"

कांचन ऐकत होती, म्हणून मी नुसतं बघत राहिले. सिस्टरांचा हात पोटावरून हलला नाही, पण त्या जरा पुढं वाकल्या, कुणीतरी पाठीत मारल्यासारख्या.

"नवीन डॉक्टरांनी काय केलं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी जवळ गेले आणि त्यांच्या कानाशी सांगितलं. नवीन डॉक्टर नव्हता. सोमवारीच परत गेला. तोडकर डॉक्टरांनीच त्याला एस.टी.त बसवलं होतं.

"माझ्याकडं बघून सांगितलं," सिस्टर पुटपुटल्या. "हजर झालाय म्हणून. मी विचारलंसुद्धा, शालन. माझ्याकडं बघून सांगितलं."

"तुम्हाला खरं सांगितलं असतं तर?"

"तर मी गेले असते!" त्या जवळजवळ ओरडल्या. आणि मग त्यांची नजर आपल्या हाताकडं गेली, हाताखालच्या त्या पांढऱ्याफटक पोरीकडं गेली. 

कांचननं डोळे किलकिले केले. "सिस्टर, डाक्टर कुठं हायत? बाळ बघाया येतो म्हनलं हुतं."



"देवघळला गेलेत," त्या म्हणाल्या. "येतील. तू बोलू नको, पडून राहा."

कांचनला आम्ही तिसऱ्या दिवशी सांगितलं, ती उठून बसायला लागल्यावर. तिची मुलगी आता दहावीला आहे. वायदंडे सिस्टरांनी पुढं एकटीनंच दवाखाना ओढला, पण बुधवारी त्या डॉक्टरांच्या खोलीत बसायच्या नाहीत. बाहेर पायरीवर बसून गोळ्या द्यायच्या. ज्या गोळ्या आधीपासून चालू होत्या त्याच. नवीन काही द्यायला, वाढवायला किंवा थांबवायला त्या घाबरायच्या, आणि दुसरं कुणी नव्हतंच. देवघळची जागा भरायला दीड वर्ष लागलं. वरच्या केंद्राला कुलूप लागलं.

आत्याबाई सकाळी खाऊन झाल्यावर एक पूर्ण गोळी घ्यायच्या. लोणचं त्यांनी खरंच सोडलं होतं. पण पावसाळा सरत आला तशी चक्कर पुन्हा सुरू झाली. सिस्टर म्हणाल्या, बीपी फार वाढलंय, औषध बदलायला पाहिजे. आणि जुन्याच गोळ्या मोजून दिल्या.

भाद्रपदात एका सकाळी परड्यात वांगी तोडता तोडता आत्याबाई खाली बसल्या. मी हाक मारली तर तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा पडलेला. काहीतरी सांगत होत्या, त्यातला एक शब्दही कळत नव्हता. शेजारच्या दोघांनी त्यांना घोंगडीत घालून खाली नेलं. पाणी वरपर्यंत भरलेलं होतं, लाँच दवाखान्याच्या खालीच लागली होती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. गेणूनं दोर सोडला, इंजिन सुरू केलं, आणि सुकाणूवर हात ठेवून माझ्याकडं वळला.

"वयनी," तो म्हणाला, "कुठं घ्यायची?"

मी तोंड उघडलं. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. इंजिन चालू होतं, लाँच किनाऱ्यापासून सुटून पाण्यात आली होती, आणि डॉक्टर असलेल्या किनाऱ्याचं नाव मला सांगता येईना.